शब्द आणि त्याची सोबत

मराठी माध्यमातील विद्यार्थ्याच्या इंग्रजीच्या वहीत बहुधा तीन रकाने आखलेले असतात. पहिल्यात शब्द, दुसऱ्यात उच्चार आणि तिसऱ्यात मराठी अर्थ. ही वही पाठ झाली की शब्दसंग्रह वाढला असे मानले जाते. परंतु शेकडो शब्द मुखोद्गत असलेला विद्यार्थीही बँकेत किंवा मुलाखतीत दोन सरळ वाक्ये बोलताना अडखळतो आणि त्याचे खापर त्याच्या बुद्धीवर किंवा भिडस्तपणावर फोडले जाते. भाषाविज्ञान आणि स्मृतीचे मानसशास्त्र यांतील संशोधन पाहता दोष विद्यार्थ्यात कमी आणि त्या वहीत अधिक आहे, कारण शब्द ज्या रीतीने स्मरणात रुजतो आणि गरजेच्या वेळी ओठांवर येतो, त्या रीतीशी वहीची ही मांडणी जुळत नाही.

‘हेवी’ या शब्दापुढे वहीत ‘जड’ असे लिहिलेले असते. रोजच्या इंग्रजीत मात्र ‘हेवी रेन’ म्हणजे मुसळधार पाऊस, ‘हेवी ट्रॅफिक’ म्हणजे वाहनांची दाट वर्दळ आणि ‘हेवी स्मोकर’ म्हणजे अतोनात धूम्रपान करणारा माणूस. कडक चहाला मात्र ‘हेवी’ चालत नाही, तेथे ‘स्ट्राँग’च लागतो. मराठीतही पाऊस मुसळधार, ऊन रणरणते, थंडी कडाक्याची आणि काळोख मिट्ट असतो. मिट्ट ऊन किंवा कडाक्याचा काळोख कोणी म्हणत नाही, आणि का म्हणत नाही याचा नियम व्याकरणाच्या पुस्तकात सापडत नाही. शब्दांच्या या सवयीच्या सोबतीला भाषाविज्ञानात ‘कोलोकेशन’ म्हणतात. शब्दाची ओळख त्याच्या सोबत्यांवरून पटते, हा विचार ब्रिटिश भाषावैज्ञानिक जे. आर. फर्थ यांनी १९५७ मध्ये मांडला. पुढे बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन सिंक्लेअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्यक्ष वापरातील इंग्रजी मजकुराचा प्रचंड साठा संगणकावर तपासून १९८७ मध्ये ‘कोबिल्ड’ हा कोश सिद्ध केला आणि त्यात शब्दाचा अर्थ पूर्ण वाक्यात वापरून सांगण्याची पद्धत रूढ केली. बोलणारा माणूस दर वेळी सुटे शब्द वेचून वाक्य जुळवत नाही, तर पुष्कळदा तयार शब्दगटच उचलतो, असे सिंक्लेअर यांचे प्रतिपादन होते. विद्यार्थ्याच्या अडखळण्याचे कारण येथे दडलेले आहे. मनात एका वेळी हाताळता येणाऱ्या गोष्टींची संख्या फार थोडी असते आणि पाठ असलेला शब्दगट त्यात एकाच गोष्टीइतकी जागा घेतो. सुटे शब्द जोडत बसणाऱ्याची मात्र सगळी शक्ती जुळवाजुळवीतच खर्च होते. शिवाय मराठीत चूक, गृहपाठ आणि फोन या तिन्हींना ‘करणे’ हे एकच क्रियापद पुरते, तर इंग्रजीत चूक आणि फोन यांच्यासाठी ‘मेक’ आणि गृहपाठासाठी ‘डू’ लागते, आणि ही निवड तिसऱ्या रकान्यातून कधीच कळत नाही.

संदर्भातून शब्द कसा उमगतो, याचा एक सुंदर प्रयोग १९७८ मध्ये प्रसिद्ध झाला. अँथनी बर्जेस यांच्या ‘अ क्लॉकवर्क ऑरेंज’ या १९६२ च्या कादंबरीतील तरुण पात्रे रशियन भाषेवरून घडवलेले अनेक अपरिचित शब्द वापरतात. इंग्रजी ही मातृभाषा असलेल्या प्रौढांना ही कादंबरी शब्दसूचीशिवाय वाचायला देण्यात आली आणि शब्दांची परीक्षा होणार असल्याचे त्यांना आधी सांगितले नव्हते. वाचून झाल्यावर अशा ९० शब्दांचे अर्थ पर्यायांतून ओळखायला सांगितले, तेव्हा सरासरी सुमारे ७६ टक्के उत्तरे बरोबर आली. एकही शब्द पाठ न करता हे घडले आणि जे शब्द कादंबरीत अधिक वेळा आले होते, ते सामान्यतः अधिक पक्के झाले होते.

या निष्कर्षावरून इंग्रजी वर्तमानपत्र हाती दिले की मूल आपोआप शब्द शिकेल, असे मानणे मात्र चुकीचे ठरेल. त्या वाचकांना उरलेले सर्व शब्द येत होते, म्हणूनच अपरिचित शब्दाचा तर्क करता आला. मदतीशिवाय मजकूर नीट समजण्यासाठी त्यातील साधारण ९८ टक्के शब्द आधीच परिचित असावे लागतात, म्हणजे ५० शब्दांत एखादाच नवा असावा, असे न्यूझीलंडचे भाषाशिक्षणतज्ज्ञ पॉल नेशन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या संशोधनातून दिसते. एक मूळ शब्द आणि त्याची रूपे मिळून एक शब्दकुल धरले, तर कादंबरी किंवा वर्तमानपत्रासाठी अशी आठ ते नऊ हजार शब्दकुले लागतात, असा नेशन यांचा २००६ मधील अंदाज आहे. ही अडचण विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ढाक्यात शिक्षणाधिकारी असलेल्या मायकेल वेस्ट यांनी ओळखली होती; बंगाली मुलांच्या इंग्रजी वाचनमालेत त्यांनी दुर्मिळ शब्द काढून नेहमीचे घातले, नवे शब्द विरळ ठेवले आणि आलेला शब्द पुन्हा पुन्हा येईल अशी योजना केली. श्रेणीबद्ध वाचनाची ही पद्धत मराठी शाळांच्या ग्रंथालयांत आजही रुजायला हवी तितकी रुजलेली नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

वाचलेले टिकण्यासाठी आणखी एक अट आहे. जेफ्री कार्पिकी आणि हेन्री रोडिगर यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अमेरिकी विद्यार्थ्यांना स्वाहिली भाषेतील ४० शब्द इंग्रजी अर्थांसह शिकवले. एकदा आलेला शब्द पुढेही वारंवार आठवायला लावलेल्या विद्यार्थ्यांना आठवड्यानंतर सुमारे ८० टक्के अर्थ आठवले. तर एकदा आलेला शब्द ज्यांना पुन्हा विचारला नाही, त्यांना साधारण एकतृतीयांशच आठवले, मग त्यांनी तो शब्द पुढे कितीही वेळा वाचलेला असो. पुन्हा वाचण्याने ओळख वाढल्याचा भास होतो, पण स्मरण पक्के होते ते आठवण्याच्या कष्टाने, आणि हे कष्ट काही दिवसांच्या अंतराने घेतले तर अधिक फळतात.

म्हणून पाठांतर टाकून देण्याचे कारण नाही. पाठ काय करायचे आणि कसे, एवढे बदलले पाहिजे. शिक्षकांनी आणि पालकांनी वहीतील तीन रकान्यांच्या जागी मुलाने स्वतः वाचलेले किंवा ऐकलेले पूर्ण वाक्य लिहून घ्यावे, त्यातील शब्दगट अधोरेखित करायला सांगावा आणि चार दिवसांनी, पुढे पंधरा दिवसांनी, तेच वाक्य गाळलेल्या जागेसह विचारावे. दिवसाला पाच वाक्ये पुरेशी आहेत.