गाडीवरचा चिकटा

फणस कापायचा असला म्हणजे कोकणातली बाई आधी काय करते? विळीच्या पात्याला आणि स्वतःच्या हाताला खोबरेल तेल चोळते. तिला रसायनशास्त्र कोणी शिकवलेले नसते. पण फणसाचा चीक पाण्याने सुटत नाही आणि तेलाने सुटतो, एवढे तिला पक्के ठाऊक असते. ही साधी गोष्ट मला वेळेवर आठवली असती, तर आमच्या चाळीतल्या मामांच्या टॅक्सीचा रंग वाचला असता.

मी करी रोडला राहतो. पूल उतरला की एका अंगाला लालबाग, दुसऱ्या अंगाला लोअर परळ. आमच्या चाळीतले हे मामा टॅक्सी चालवतात. गाडी कर्जाऊ घेतलेली, तिच्यावर घर चालते. मे महिन्यात त्यांच्या भाच्याचे लग्न निघाले आणि टॅक्सी नवरदेवाची गाडी झाली. फुलांच्या माळा, कागदात कापलेली वधूवरांची नावे, सारे काही खोकी बंद करायच्या तपकिरी टेपने बॉनेटवर आणि दारांवर चिकटवले. लग्न पार पडले, फुले निघाली. टेप मात्र ‘उद्या काढू’ म्हणून राहिली. असे दहा दिवस गेले, आणि तेही मे महिन्याच्या उन्हात! मग ओढायला गेले, तर वरची पट्टी तुकड्यातुकड्यांनी निघाली आणि खालचा चिकटा जागच्या जागी राहिला. त्यावर धूळ बसून काळे पट्टे दिसू लागले.

मामा माझ्याकडे आले. “मास्तर, तुम्ही शिकलेले. हे कसं काढायचं?”

मी एम. ए. झालेला, कॉलेजात मराठी शिकवणारा. मी दाढीचे ब्लेड काढून त्यांच्या हातात दिले! पाव तासात चिकटा गेला, आणि त्याबरोबर बॉनेटवरचा तळहाताएवढा रंगही गेला. जूनमध्ये पाऊस लागला. श्रावणात तिथे तांबूस डाग दिसू लागला. पत्र्याला गंज धरला होता. रंगाऱ्याचे पैसे मामांनी दिले. मला ते काही बोलले नाहीत. बोलले असते तर मला बरे वाटले असते.

मग आमच्या कॉलेजातल्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांना गाठले. त्यांनी जे समजावले ते तुम्हांलाही उपयोगी पडेल. कारण लग्नाची जीप, शाळेची बस, ट्रॅक्टर यांवर टेप लावायची पद्धत आता गावोगाव आहे.

पहिली गोष्ट रंगाची. गाडीवर आधी अस्तर, मग रंग आणि वर पारदर्शक तकाकीचा थर असतो. पण हे सगळे थर मिळून जाडी किती? साधारण वहीच्या एकदोन पानांएवढी. ब्लेडला एवढे अंतर म्हणजे काहीच नाही. रंग गेला की हवा, पाणी आणि लोखंड यांची गाठ पडते. आमच्या मुंबईत तर समुद्राची खारी हवा गंजाला आणखी घाई करते.

दुसरी गोष्ट चिकट्याची. टेपवरचा डिंक हा अनेकदा रबर आणि राळ यांचे मिश्रण असतो. तो इतका मऊ असतो, की दाबला म्हणजे पृष्ठभागाच्या सूक्ष्म खाचांत शिरतो. आणि इतका ताठ असतो, की ओढले तरी लगेच सुटत नाही. टेप नवी असते तेव्हा हा डिंक पट्टीबरोबर उठून येतो. पण ऊन आणि हवा लागून तो बदलतो. आधी पाघळून रंगाला घट्ट धरतो, मग सुकून कडक होतो. अशा वेळी पट्टी ओढली, की डिंक पट्टीला सोडतो, रंगाला सोडत नाही.

गंमत अशी, की ही टेप जन्मली ती गाडीचा रंग वाचवण्यासाठीच. अमेरिकेत 1920 नंतरच्या काळात दुरंगी मोटारींची हौस निघाली होती. एक भाग रंगवताना दुसरा झाकण्यासाठी रंगारी त्यावर कागद चिकटवीत. तो काढताना ताजा रंगच उखडून येई. मिनेसोटातील एका सँडपेपरच्या कंपनीत काम करणारा रिचर्ड ड्रू याने हा वैताग डोळ्यांनी पाहिला आणि 1925 साली हलकेच सुटणारी मास्किंग टेप तयार केली. पुढे 1930 साली त्यानेच पारदर्शक सेलोफेनची टेप काढली. तेव्हा गाडी सजवायचीच असेल, तर रंगाऱ्यांची कागदी मास्किंग टेप वापरा, आणि वरात परतली की त्याच रात्री काढा. अर्धे काम तिथेच संपते.

आता चिकटा राहिलाच, तर काय करावे? गाडी सावलीत घ्या. साबणाच्या पाण्याने धूळ धुवा, नाहीतर तीच धूळ पुढे रंगावर ओरखडे काढील. टेपचे तुकडे उरले असतील, तर कोमट पाण्यात पिळलेले फडके त्यांवर पाच मिनिटे ठेवा आणि पट्टी रंगाला जवळजवळ समांतर धरून सावकाश ओढा. मग चिकट्यावर खोबरेल किंवा शेंगदाण्याचे तेल लावून अर्धा तास थांबा. हे थांबणे महत्त्वाचे! तेल आत मुरते, डिंक फुगतो, मऊ होतो आणि अंगठ्याने चोळले की त्याच्या वळ्या होऊन निघतात. एका खेपेत न निघाल्यास पुन्हा तेल लावा.

तरीही हटला नाही, तर फडक्यावर थोडे घासलेट किंवा टर्पेंटाइन घ्या. पण आधी दाराच्या आतल्या कडेला लावून पाहा. रंग फडक्यावर आला तर थांबा. काही टेपांत अ‍ॅक्रिलिक जातीचा डिंक असतो. त्याला तेलापेक्षा स्पिरिट लवकर लागू पडते. शेवटी साबणाने धुऊन, कोरडे करून, मेणाचे पॉलिश द्या.

थिनर आणि नेलपॉलिश काढायचे औषध रंगाला लावू नका. ते डिंकाबरोबर रंगही विरघळवतात. दिव्यांचे झाकण प्लॅस्टिकचे असते. त्यावर फक्त तेल. आणि पेट्रोल तर नकोच नको. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरत जाते आणि दूरच्या चुलीचा जाळही तिला पुरतो. एका डागासाठी घर पेटवून घेऊ नये.

शिक्षक बंधुभगिनींनी हा प्रयोग वर्गात जरूर करावा. स्टीलच्या पेल्यावर टेपच्या तीन पट्ट्या लावून चार दिवस उन्हात ठेवा. मग पट्ट्या ओढून काढा आणि उरलेल्या चिकट्याला एकीकडे नुसते पाणी, दुसरीकडे साबणाचे पाणी, तिसरीकडे तेल लावा. दहा मिनिटांनी मुलांनाच चोळू द्या. मीठ पाण्यात विरघळते, तेल विरघळत नाही, हे पुस्तकात असते. आपल्यासारख्यातच पदार्थ विरतो, हे मुलांच्या बोटांना कळेल. घरी फणस कापताना तेल का लावतात, हेही मग त्यांना विचारा.

यंदा मामांच्या टॅक्सीवर पुन्हा एक वरात गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी खोबरेलची वाटी घेऊन खाली उतरलो. मामा हसले आणि म्हणाले, “मास्तर, टेप रात्रीच काढली.”