स्पॅनिश ‘त’ आणि साठ मिलिसेकंद

ओठांसमोर तळहात धरा आणि ‘ताट’ म्हणा. हात तसाच ठेवून आता ‘थाट’ म्हणा. दुसऱ्या वेळी हाताला हवेचा झोत लागला असेल, पहिल्या वेळी जवळजवळ काहीच नाही. अल्पप्राण आणि महाप्राण ही नावं आपण शाळेत पाठ केली आणि परीक्षा झाल्यावर विसरून गेलो. उच्चार मात्र कधी विसरलो नाही. मराठी कानाला ही दोन सरळसरळ वेगळी अक्षरं आहेत.

इंग्रजी कानाला ती वेगळी नाहीत. ‘टॉप’ म्हणताना इंग्रजी बोलणारा माणूस असाच झोत सोडतो, ‘स्टॉप’ म्हणताना सोडत नाही, आणि आपण असं काही करतो याचा त्याला पत्ताही नसतो. एरवी त्यावाचून त्याचं काही अडत नाही. स्पॅनिश शिकायला बसला की अडतं.

आणि स्पॅनिश शिकायला बसणाऱ्या अमेरिकन मुलांची संख्या थोडीथोडकी नाही. तिथल्या हायस्कुलांत परकीय भाषेच्या विषयाला ‘वर्ल्ड लँग्वेज’ म्हणतात आणि त्यात सर्वाधिक मुलं स्पॅनिश घेतात. फ्लोरिडा राज्यात सरकारी विद्यापीठात प्रवेश हवा असेल, तर हायस्कुलात एकच परकीय भाषा दोन वर्षं शिकलेली असावी लागते. पण प्रत्येक शाळेत हव्या त्या भाषेचा शिक्षक कुठून असणार? मग मुलं ऑनलाइन कोर्सकडे वळतात. ‘फ्लोरिडा व्हर्च्युअल स्कूल’ ही सरकारी ऑनलाइन शाळा १९९७ साली सुरू झाली, म्हणजे घरोघरी ब्रॉडबँड पोचण्याच्या कितीतरी आधी. राज्यातल्या मुलांना तिथे फी नाही. घरच्या टेबलापाशी बसून धडा ऐकायचा, माइकचं बटण दाबून वाक्य म्हणायचं, रेकॉर्डिंग शिक्षिकेकडे पाठवायचं आणि ठरावीक टप्प्यांवर तिच्याशी फोनवर थेट बोलून तोंडी परीक्षा द्यायची, अशी तिची साधारण रीत.

बाहेरून पाहिलं तर यात नवल वाटण्यासारखं काही नाही. एक मुलगी, एक हेडफोन, एक पडदा. खरी गंमत त्या मुलीच्या तोंडात, कानात आणि डोक्यात चाललेली असते. तिने माइकमध्ये म्हटलेला एकच शब्द घेऊ : ‘ताको’. आपल्याकडच्या हॉटेलांच्या मेन्यूत ज्याचा ‘टाको’ झालाय, तोच.

हा ‘त’ उच्चारताना तोंडात दोन घटना घडतात. जिभेने अडवून धरलेली हवा सुटते आणि गळ्यातले स्वरतंतू थरथरू लागतात. या दोन्हींच्या मध्ये किती वेळ जातो, हे १९६४ साली ली लिस्कर आणि आर्थर एब्रमसन या दोन अमेरिकन संशोधकांनी अकरा भाषांत मोजलं. त्यांचे आकडे आजही थक्क करतात. इंग्रजीत ‘ट’नंतर स्वरतंतू सरासरी ७० मिलिसेकंद उशिरा जागे होतात. स्पॅनिशमध्ये तोच उशीर जेमतेम ९ मिलिसेकंदांचा. उरलेल्या साठेक मिलिसेकंदांत इंग्रजी बोलणाऱ्याच्या तोंडातून नुसती हवा बाहेर पडते. एका सेकंदाचा सोळावा भाग! पण तेवढ्यावर माद्रिदचा माणूस ओळखतो की बोलणारा परका आहे.

‘ब’ आणि ‘प’ची कथा याहून मजेशीर आहे. इंग्रजी ‘ब’मध्ये हा उशीर साधारण १ मिलिसेकंद, तर स्पॅनिश ‘प’मध्ये ४. म्हणजे घड्याळाच्या हिशेबाने अमेरिकन माणसाचा ‘ब’ हा स्पॅनिश माणसाचा ‘प’च झाला. खरा स्पॅनिश ‘ब’ तर ओठ उघडण्याच्या शंभराहून अधिक मिलिसेकंद आधीच गळ्यात गुंजू लागतो. स्पॅनिशमध्ये ‘पेसो’ म्हणजे पैशाचं नाणं आणि ‘बेसो’ म्हणजे चुंबन. नवशिक्याने शब्द अचूक पाठ केला तरी समोरच्याच्या कानी भलतंच काही पडू शकतं, ते असं.

त्या अकरा भाषांत मराठीही होती, हे वाचून मराठी माणसाला बरं वाटेल. हिंदी आणि मराठीत त, थ, द, ध अशी चौपदरी रचना आहे, म्हणून त्या संशोधकांनी या दोन्ही भाषा मुद्दाम तपासल्या. त आणि थ, त आणि द त्यांच्या मोजणीत छान वेगळे निघाले. ‘ध’ आणि ‘भ’ यांनी मात्र त्या मोजपट्टीला दाद दिली नाही. या अक्षरांत स्वरतंतूही आधीपासून थरथरतात आणि श्वासही सुटतो, त्यामुळे नुसता वेळ मोजून ती ‘द’ आणि ‘ब’पासून नीट वेगळी करता येत नाहीत. आपलं पाच वर्षांचं पोर ‘धबधबा’ म्हणतं, तेव्हा ते काय कसरत करतं याची आपल्याला कल्पना नसते.

त्या काळी हे मोजायला प्रयोगशाळेतली यंत्रं लागत. आज ॲमस्टरडॅम विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी तयार केलेलं ‘प्राट’ नावाचं सॉफ्टवेअर कुणालाही फुकट उतरवून घेता येतं. त्यात स्वतःच्या आवाजातले ‘ताट’ आणि ‘थाट’ रेकॉर्ड करून पाहा. ‘ताट’मध्ये सुरुवातीच्या एका बारीक काट्याला चिकटूनच स्वराच्या लाटा सुरू होतात. ‘थाट’मध्ये तो काटा आणि लाटा यांच्यामध्ये खरखरीत, दाणेदार पट्टा दिसतो. तळहाताला लागलेला झोत तोच.

आता प्रश्न असा की त्या मुलीला हा फरक आधी ऐकू का येत नाही? याचं उत्तर पाळण्यात सापडतं. कॅनडाच्या जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीज यांनी १९८४ साली इंग्रजी घरांतल्या तान्ह्या बाळांना हिंदीतले ‘त’ आणि ‘ट’ ऐकवले. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना दोन्हींतला फरक कळत होता. दहा-बारा महिन्यांची होईपर्यंत बहुतेकांची ती जाण ओसरलेली होती. जन्मतः कुठल्याही भाषेला तयार असलेला कान वर्षभरात घरच्या भाषेपुरता होतो, आणि घरी ज्याचा उपयोग नाही तो फरक बाजूला पडतो. अमेरिकेत वाढणाऱ्या मराठी मुलांना रविवारच्या मराठी शाळेत ‘त’ आणि ‘ट’ वेगळे करायला कष्ट पडतात, त्यामागेही हीच गोष्ट आहे. आळसाचा त्यात काही संबंध नाही.

मग पंधराव्या वर्षी हा कान पुन्हा उघडतो का? उघडतो. अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग जपानी माणसांवर झाला होता. जपानी कानाला इंग्रजीतले ‘र’ आणि ‘ल’ सारखेच वाटतात. काही आठवडे त्यांना हे उच्चार असलेले शब्द ऐकवून, दर वेळी बरोबर की चूक ते लगेच सांगितल्यावर त्यांची ओळख सुधारली. यातली खरी मेख पुढच्या प्रयोगात कळली. ज्यांनी एकाच व्यक्तीचा आवाज ऐकून सराव केला, त्यांना नवा आवाज ऐकला की पुन्हा गोंधळायला होई. ज्यांनी अनेकांचे आवाज ऐकले, त्यांना अनोळखी माणसाचा उच्चारही ओळखता येई. कानाला एका माणसाची लकब बाजूला काढून नेमकं अक्षर हेरायचं असतं, आणि त्याला पुष्कळ गळे ऐकावे लागतात.

इथे ऑनलाइन कोर्स शाळेतल्या तासावर मात करू शकतो. वर्गात वर्षभर एकाच बाईंची स्पॅनिश कानावर पडते. हेडफोनमध्ये मेक्सिकोची आजी, बोगोटाचा टॅक्सीवाला आणि ब्वेनोस आयरेसची विद्यार्थिनी एकामागून एक बोलू शकतात. हवं ते वाक्य दहा वेळा मागे नेऊन ऐकता येतं, कुणाची कटकट नाही. मूळ उच्चाराशेजारी आपला उच्चार ठेवून तपासता येतो. चारचौघांत जीभ अडखळण्याच्या भीतीने गप्प बसणाऱ्या मुलांना तर हा मोठाच आधार.

कान झाला, आता स्मरण. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली स्वतःवरच केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. तो निरर्थक अक्षरांच्या याद्या पाठ करी आणि काही काळाने त्याच पुन्हा पाठ करायला घेई. एका दिवसाच्या अंतराने त्याची फक्त एक तृतीयांश मेहनत वाचत असे, बाकीची पुन्हा करावी लागे. विसरणं हा आळशांचा दुर्गुण नाही, सगळ्याच मेंदूंचा तो नियम आहे, आणि सुरुवातीला त्याचा वेग भयंकर असतो. यावरचा उतारा म्हणजे विसरायच्या बेताला आलेली गोष्ट आठवून पाहणं, आणि दर वेळी मधलं अंतर वाढवत नेणं. १९७०च्या दशकात झेबास्टियान लाइटनर यांनी यासाठी खोक्यातल्या चिठ्ठ्यांची पद्धत मांडली. शब्द आठवला तर चिठ्ठी पुढच्या कप्प्यात, नाही आठवला तर पुन्हा पहिल्या कप्प्यात. पुढचे कप्पे कमी वेळा उघडायचे. १९८७ साली पोलंडमधल्या प्योत्र वोझ्नियाक या विद्यार्थ्याने हे काम संगणकाला लावलं. आजच्या बहुतेक भाषा-ॲप्समध्ये त्याच कल्पनेचं कुठलं ना कुठलं रूप दिसतं.

इथे ‘आठवून पाहणं’ हे शब्द महत्त्वाचे, कारण वाचलेलं पुन्हा वाचणं वेगळं. रोडिगर आणि कार्पिकी या संशोधकांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांचे गट केले. एका गटाने उतारा चार वेळा वाचला. दुसऱ्याने एकदा वाचून तीन वेळा न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते : ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने पारडं पुरतं फिरलं : वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं, आठवणाऱ्यांना ६१. म्हणून कोर्समधल्या त्या त्रासदायक छोट्या चाचण्या म्हणजे शिकून झाल्यावरची तपासणी नव्हे. खरं शिकणं तिथेच होतं.

एवढं सगळं यंत्राला जमतं, तर मग माणूस कशाला? याचं उत्तर पुन्हा बाळांनीच दिलं. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या पॅट्रिशिया कूल यांनी २००३ साली नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांशी चिनी बोलणाऱ्या माणसांना खेळायला बसवलं. बारा वेळा खेळून झाल्यावर ती बाळं चिनी उच्चारांतला फरक ओळखू लागली. दुसऱ्या बाळांना तीच माणसं, तेच बोलणं व्हिडिओवर दाखवलं. शिकणं शून्य. मग दोष पडद्याचा म्हणायचा का? तसंही नाही. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दोन-अडीच वर्षांच्या मुलांना नवी क्रियापदं शिकवली. समोरासमोर शिकवलेली मुलं शिकली, थेट व्हिडिओ कॉलवरचीही तितकीच शिकली, रेकॉर्ड केलेला व्हिडिओ पाहणारी शिकली नाहीत. पडदा दोन्हीकडे होता. फरक एवढाच की कॉलवरचा माणूस मुलाच्या बोलण्याला तिथल्या तिथे उत्तर देत होता.

पंधरा वर्षांची मुलगी तान्हं बाळ नव्हे. तिला वाचता येतं, व्याकरण समजतं, रेकॉर्डिंगवरून ती पुष्कळ शिकते. पण संभाषण म्हणजे समोरचा काय विचारेल हे माहीत नसताना क्षणभरात शब्द जुळवणं, आणि ते दुसऱ्या माणसावाचून शिकता येत नाही. म्हणून त्या ऑनलाइन शाळेतल्या शिक्षिकेचा फोन हा कोर्सचा कणा आहे. ती मध्येच भलता प्रश्न विचारते, चुकलेलं वाक्य सहज दुरुस्त करून परत म्हणते, मुलगी अडली की थांबते.

शेवटी तासांचा रोकडा हिशेब. अमेरिकन हायस्कुलात एका विषयाचं एक वर्ष म्हणजे साधारण १२० तास, म्हणजे दोन वर्षांचे २४०. अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या प्रशिक्षण संस्थेच्या अंदाजाप्रमाणे इंग्रजी भाषकाला कामापुरती चांगली स्पॅनिश यायला वर्गातले ६०० ते ७५० तास लागतात, हिंदीला सुमारे ११०० आणि जपानी किंवा चिनीला २२००. हे आकडे पगार घेऊन दिवसभर तेवढंच शिकणाऱ्या प्रौढ अधिकाऱ्यांचे. तेव्हा शाळेच्या दोन वर्षांत कुणी अस्खलित होत नाही, ऑनलाइनही नाही आणि वर्गातही नाही. ‘तीन महिन्यांत फाडफाड’ अशी जाहिरात दिसली तर हे आकडे शेजारी ठेवून वाचावी.

आपल्याकडेही जर्मन, जपानी, फ्रेंचचे ऑनलाइन कोर्स घेणारी मुलं घरोघरी दिसतात. मुलाचं नाव घालण्यापूर्वी फी आणि प्रमाणपत्राची चौकशी आपण करतोच. सोबत आणखी तीन प्रश्न विचारा. ऐकायला किती वेगवेगळे आवाज आहेत? जुन्या धड्यांची उजळणी वाढत्या अंतराने पुन्हा पुन्हा घेतली जाते का? आणि आठवड्यातून किती वेळ एखादा माणूस माझ्या मुलाशी त्या भाषेत थेट बोलणार आहे? पहिल्या दोन बाबतींत कमी पडलेला कोर्स घरच्या मेहनतीने सावरून घेता येतो. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘अजिबात नाही’ असं आलं, तर दुसरा कोर्स शोधा.