पाव सेकंदाचा तपास

संपादकांना क्रिकेटचा कंटाळा आला होता, त्यातून हे काम माझ्या गळ्यात पडलं. ‘गोल्फ खेळणारे हल्ली बॉल कमी मारतात आणि स्वतःचे व्हिडिओ जास्त बघतात म्हणे. जाऊन या.’ एवढ्याच आदेशावर मी पुण्यातल्या एका मैदानाच्या ड्रायव्हिंग रेंजवर भल्या सकाळी हजर झालो. हिरव्या मॅटची लांबलचक रांग, प्रत्येक मॅटशेजारी बॉलची बकेट, आणि जवळजवळ प्रत्येक मॅटपाशी एक फोन. कुणाचा बॅगेला टेकवलेला, कुणाचा पाण्याच्या बाटलीला. एका गृहस्थांचा बायकोच्या हातात होता. ती बिचारी जांभई देत चित्रीकरण करत होती आणि नवरा दर फटक्यानंतर ‘आलं का?’ विचारत होता.

शेवटच्या मॅटवर मात्र ट्रायपॉड होता, आणि त्याच्या तिन्ही पायांच्या जागा जमिनीवर चुन्याने आखलेल्या होत्या. तिथल्या प्रशिक्षकांची चाळिशी उलटलेली, अंग सडसडीत. शाळकरी वयात ते कॅडी म्हणून बॅगा वाहत. खेळायला आठवड्यातली एक सकाळ मिळे, बघायला उरलेला सगळा आठवडा. त्या बघण्यातून त्यांचा डोळा तयार झाला. आज त्यांच्याकडे निवृत्त अधिकारी येतात, आयटीतली मुलं येतात, आणि कॅडींची पोरंही येतात. पोरांकडून ते पैसे घेत नाहीत. हे त्यांनी सांगितलं नाही, मला दुसऱ्याकडून कळलं.

आल्या आल्या ते कॅमेरा लावत नाहीत. आधी दहाबारा बॉल मारायला लावतात आणि विचारतात, ‘काय वाटलं?’ त्या दिवशी एक निवृत्त इंजिनिअर आले होते. त्यांचं ठाम मत होतं की क्लब मागे नेताना आपण बरोबर खांद्याच्या वर थांबतो, शाफ्ट, म्हणजे क्लबचा दांडा, जमिनीला समांतर असतो. मग चित्रीकरण झालं. पडद्यावर क्लबचं डोकं मानेमागून खाली ओघळून थेट जमिनीकडे बघत होतं.

‘हा मी नाही.’

‘शर्ट तर तुमचाच आहे, सर.’

या खेळात व्हिडिओचं पहिलं आणि निर्विवाद काम हेच. आपलं शरीर काय करतंय याची आपल्याला आतून जी जाणीव असते, ती वेगवान हालचालीत सपशेल चुकते. हात थांबल्यासारखे वाटतात तेव्हा ते थांबलेले नसतात. डोकं स्थिर वाटतं तेव्हा ते वीतभर सरकलेलं असतं. प्रशिक्षकाने तोंडाने सांगितलं तर माणूस वाद घालतो. पडद्याशी वाद घालायला बघतो, पण फार वेळ नाही.

हालचाल किती वेगवान, ते आकड्यांत बघू. बरा खेळाडू क्लब मागे नेण्यासाठी साधारण पाऊण सेकंद घेतो आणि खाली बॉलपर्यंत आणायला पाव सेकंद. ताशी 160 किलोमीटरच्या वेगाने येणारं ‘ड्रायव्हर’ या क्लबचं डोकं सेकंदाला सुमारे 45 मीटर कापतं. साध्या व्हिडिओत सेकंदाला 30 फ्रेम असतात. म्हणजे खालचा सगळा प्रवास सातआठ चित्रांत उरकतो, आणि बॉलजवळच्या दोन चित्रांमध्ये डोकं दीड मीटर पुढे गेलेलं असतं. फोनच्या स्लो मोशनमध्ये 240 फ्रेम मिळतात. तिथेही दोन चित्रांत वीतभर अंतर राहतं. क्लब आणि बॉल एकमेकांना चिकटून असतात ते जेमतेम अर्धा मिलिसेकंद, आणि 240 फ्रेममधलं अंतर चार मिलिसेकंदांहून थोडं जास्त. सगळा खेळ ज्या क्षणासाठी मांडलाय तो क्षण फोनमध्ये सापडायचा तर आठात एखाद्या वेळी, तोही नशिबाने.

या क्षणामागे माणसं फार पूर्वीपासून लागली आहेत. एकाच वर्षात चारही मोठ्या स्पर्धा जिंकून 1930 साली निवृत्त झालेल्या बॉबी जोन्सला वॉर्नर ब्रदर्सने लगेच पुढच्या वर्षी कॅमेऱ्यासमोर उभं केलं आणि त्याच्या शिकवणीचे बारा लघुपट काढले. एमआयटीच्या हॅरॉल्ड एजर्टनने क्षणार्धात चमकून विझणाऱ्या दिव्यांनी डेन्समोर शूट या व्यावसायिक खेळाडूचा आख्खा स्विंग 1938 साली एकाच निगेटिव्हवर पंख्याच्या पात्यांसारखा उमटवला. ती छायाचित्रं आज कलासंग्रहालयांत टांगलेली असतात. पुढे आठ भिंगांचा एक पोलरॉइड कॅमेरा आला. भिंगं एकामागून एक उघडत आणि खेळाडूला तिथल्या तिथे आठ चित्रांचा कागद हातात मिळे. मग व्हिडिओ टेप, मग संगणकावर रेषा ओढणं, मग खिशातला फोन. यात मला सगळ्यात आवडलेला माणूस जॉन नोव्होसेल. त्याने नामवंतांच्या स्विंगची चित्रफीत घेऊन फ्रेम मोजल्या. कुणी मागे जाताना 27 घेई आणि खाली येताना 9, कुणी 24 आणि 8, कुणी 21 आणि 7. वेग वेगवेगळे, प्रमाण मात्र तीनास एक. यावर त्याचं पुस्तक 2004 साली आलं. इतकी वर्षं लोक त्याच चित्रफितींत कोपर आणि गुडघे बघत होते; वेळ मोजायचं याच्या डोक्यात आलं.

इतिहास एवढा पुरे. माझा पुढचा सगळा वेळ वेगळ्याच गोष्टीने खाल्ला.

इंजिनिअर साहेबांनी फोन आडवा धरून काढलेली एक क्लिप दाखवली. बॉलपाशी येताना त्यांचा शाफ्ट चक्क धनुष्यासारखा वाकलेला दिसत होता, टोक पुढे. त्यांना वाटत होतं, ही आपली ताकद. प्रशिक्षक हसले. त्यांनी स्वतःचा फोन तसाच आडवा, खेळाडूच्या समोरून लावला आणि एक फटका टिपला. शाफ्ट पुढे वाकलेला. मग फोन ट्रायपॉडवरच उलटा केला, वरची कड खाली. तोच माणूस, तोच क्लब, तसाच फटका. या वेळी शाफ्ट मागे वाकलेला, टोक हातांच्या मागे रेंगाळल्यासारखं. तिसऱ्यांदा फोन उभा धरला आणि शाफ्ट जवळजवळ सरळ झाला.

कारण फोनच्या पोटात आहे. फोनचा सेन्सर आख्खं चित्र एका क्षणी टिपत नाही. तो ओळीमागून ओळ वाचत जातो आणि एक फ्रेम पुरी व्हायला काही मिलिसेकंद जातात. वरून खाली वाचत असेल तर आधी हात टिपले जातात आणि क्लबच्या डोक्यापर्यंत पोचेतो ते डोकं पुढे पळालेलं असतं. मग चित्रात शाफ्ट पुढे वाकतो. फोन उलटा केला की आधी डोकं, मग हात, आणि वाक उलटा. फोन उभा असला की वाचन आडव्या दिशेने चालतं. बॉलपाशी आलेला शाफ्ट जवळपास उभा असल्याने तो एका झटक्यात वाचला जातो आणि सरळ दिसतो. शंभर वर्षांपूर्वी जाक आँरी लार्तीगने टिपलेल्या फ्रान्समधल्या शर्यतीच्या मोटारीचं चाक असंच तिरपं लांबट आलंय. त्याच्या कॅमेऱ्यातली सरकती फट आणि आजच्या फोनमधल्या सरकत्या ओळी, खोड एकच. शाफ्ट प्रत्यक्षातही वाकतो, पण थोडासाच. धनुष्य फोनचं.

इंजिनिअर साहेब फटके विसरले आणि फोन वेगवेगळ्या कोनांत धरून बघायला लागले. मीही. प्रशिक्षकांनी आम्हा दोघांकडे ज्या नजरेने पाहिलं, ती वर्गातल्या मागच्या बाकासाठी राखलेली असते.

त्यांना स्वतःला या गमतीपेक्षा त्या चुन्याच्या खुणांचं जास्त पडलंय. खेळाडूच्या मागून, लक्ष्याच्या दिशेने बघताना कॅमेरा हातांच्या रेषेत आणि हातांच्याच उंचीवर हवा, असा त्यांचा नियम. काही प्रशिक्षक तो पायांच्या रेषेत लावतात. आमचे प्रशिक्षक म्हणतात, कुठेही लावा, पण दर वेळी तिथेच लावा. मी विचारलं, फूटभर इकडेतिकडे झालं तर काय बिघडतं? त्यांनी करून दाखवलं. कॅमेरा बॉलच्या पलीकडे सरकवला तर मागे जाणारा क्लब शरीराच्या फार आतून गेल्यासारखा दिसला. टाचांच्या मागे नेला, तर तोच क्लब बाहेर गेल्यासारखा. जमिनीलगत ठेवला, तर स्विंग उभट. कॅमेऱ्याच्या जवळ येणारी वस्तू चित्रात जास्त सरकते, बाकी काही नाही. पण या फूटभराच्या जोरावर माणसं नसलेला दोष दुरुस्त करायला बसतात आणि दोनचार महिन्यांत खराखुरा दोष पैदा करतात. त्यांच्याकडे येणाऱ्यांतले निम्मे असे, असं ते म्हणाले. आकडा त्यांचा, मी मोजलेला नाही. पण त्या बॅगेला टेकवलेल्या फोनांची रांग बघता मला तो कमीच वाटला.

आता अडचणी. त्या मी लेखाच्या शेवटी दोन ओळींत आटपणार होतो.

पहिली ही, की बॉल कुठे जाणार ते ठरवणारी गोष्ट कॅमेऱ्याला नीट दिसतच नाही. बॉल सुटताना कुठल्या दिशेला निघेल ते मुख्यतः क्लबचं तोंड त्या क्षणी कुठे बघतंय यावर ठरतं. पूर्वी बहुतेक पुस्तकांत उलटं छापलेलं असे: निघतो क्लबच्या मार्गाने, वळतो तोंडाप्रमाणे. हा समज मोडून काढला रडारने. ट्रॅकमॅन ही डेन्मार्कची कंपनी 2003 साली निघाली आणि तिची यंत्रं बॉलचं उड्डाण मोजू लागली. तोंडात एका अंशाचा फरक म्हणजे 200 मीटरवर साडेतीन मीटर. फोनच्या पडद्यावर एक अंश ओळखून दाखवणारा मला भेटलेला नाही. कोपर कुठे होतं ते व्हिडिओ सांगतो. बॉल झाडीत का गेला, हे प्रशिक्षकाला अंदाजाने जोडावं लागतं.

दुसरी अडचण स्लो मोशनची. दहापट सावकाश चालणारा स्विंग बघताना असं वाटतं की इथे मनगट जरा वळवलं की झालं. प्रत्यक्षात खाली येण्याचा सगळा काळ पाव सेकंदाचा, आणि काही दिसल्यावर माणसाला हालचाल करायला लागणारा वेळही जवळजवळ तितकाच. मधेच सुधारायला जागाच नाही. जे करायचं ते क्लब खाली यायच्या आधी ठरलेलं हवं. तरी लोक थांबवलेल्या चित्रावर रेषा ओढतात, शेजारी एखाद्या विजेत्याचं चित्र लावतात आणि डाव्या मनगटाचा कोन जुळवत बसतात. त्या विजेत्याची उंची, कंबर, वय यातलं काहीच जुळत नसतं. आणि मनगटाकडे लक्ष देऊन मारणं हेच मुळात घातक. गाब्रिएले वुल्फ आणि सहकाऱ्यांनी 1999 साली नवशिक्यांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. हातांच्या हालचालीकडे लक्ष द्यायला सांगितलेल्यांपेक्षा क्लबच्या हालचालीकडे लक्ष द्यायला सांगितलेल्यांचे फटके जास्त अचूक पडले. व्हिडिओ नेमका हात दाखवतो. म्हणून आमचे प्रशिक्षक क्लिप बघून एकच गोष्ट सांगतात, तीही शरीराचं नाव न घेता: ‘क्लबचं डोकं त्या पिवळ्या काठीच्या बाहेरून न्या.’ आणि क्लिप पाठवत नाहीत. लोक मागतात, चिडतात. ते म्हणतात, रात्री घरी बघत बसाल आणि सकाळी नवीन काहीतरी घेऊन याल.

तिसरी अडचण पोटापाण्याची, आणि मला ती सगळ्यात जड वाटली. ग्वाडाग्नोली आणि सहकाऱ्यांनी 2002 साली एक अभ्यास छापला. तीस खेळाडू, तीन गट: एकाला व्हिडिओ दाखवून शिकवलं, एकाला तोंडी, एकाला आपलं आपण सोडलं. दीड दीड तासाच्या चार बैठका झाल्या. लगेच घेतलेल्या चाचणीत शिकवलेले दोन्ही गट आपलं आपण सोडलेल्यांपेक्षा मागे पडले. दोन आठवड्यांनी पुन्हा चाचणी घेतली तेव्हा शिकवलेले दोन्ही गट पुढे होते, आणि व्हिडिओवाले सर्वांत पुढे. म्हणजे उपयोग आहे, पण उशिरा. गोल्फपटू निक फाल्डो 1985 साली प्रशिक्षक डेव्हिड लेडबेटरकडे गेला, दोन वर्षं नवा स्विंग घडवत राहिला, मधे लोकांनी त्याला संपवूनही टाकलं, आणि 1987 साली म्युरफील्डला शेवटच्या फेरीत अठराच्या अठरा पार काढून त्याने ओपन स्पर्धा जिंकली. पण फाल्डोकडे दोन वर्षं होती. रेंजवर येणाऱ्याने तासाचे पैसे भरलेले असतात आणि रविवारी मित्रांसमोर खेळायचं असतं. त्याचा खेळ आधी बिघडणार, हे त्याला सांगायचं कसं? सांगितलं तर तो शेजारच्या मॅटवर जातो. प्रशिक्षक म्हणाले, मी सांगतो; त्यामुळे माझ्याकडे गर्दी नसते.

भरीला आता गुण देणारी ॲप आली आहेत. आम्ही बोलत असतानाच कॉलेजातला एक मुलगा फोन नाचवत आला. ॲपने त्याला शंभरात एकाहत्तर दिले होते.

‘सर, उरलेल्या एकोणतीसांचं काय करायचं?’

‘फोन कुठे ठेवला होतास?’

‘बॅगेला टेकवून.’

‘आणि बॅग?’

मुलाने मागे वळून पाहिलं. बॅग कॅडीने केव्हाच उचलून सावलीत नेली होती.