वायर नाही, तर टाइप केलेलं जातं कुठून?

ताईंनो, आपल्या चकलांब्याच्या ऑफिसात उंदरानं नेमकी माऊसचीच वायर कुरतडली, यावर सगळ्यांचं हसून झालंय. म्हणून मी गेवराईहून बिनवायरच्या कीबोर्ड-माऊसचा जोड आणला. टेबल मोकळं झालं, मी खूश. पण मासिक बैठकीत एका ग्रामसंघाच्या कोषाध्यक्ष ताईंनी विचारलं, “वायर नाही, मग टाइप केलेलं कॉम्प्युटरात जातं कुठून?” मी म्हणाले, हवेतून. त्यावर त्या म्हणाल्या, “मग ते दुसऱ्या कुणाला ऐकू येत नाही का?” उत्तर मला देता आलं नाही. नंतर शोधलं, तेच इथं लिहिते.

कॉम्प्युटरच्या खाचेत नखाएवढा एक तुकडा खोचलेला असतो, त्याला डोंगल म्हणतात. तुम्ही बटण दाबलं की कीबोर्ड रेडिओ लहरींवरून ते अक्षर सांगतो आणि डोंगल ते ऐकतो. लहर काही भिंतीपाशी थांबत नाही, शेजारच्या दुकानातही जाते. चांगला कीबोर्ड मजकूर गुप्त करून पाठवतो, जणू बंद पाकीट. याला एन्क्रिप्शन म्हणतात. साधा कीबोर्ड मात्र पोस्टकार्ड पाठवतो. ज्याच्या हाती पडेल तो वाचणार.

हे नुसतं भ्यायला सांगत नाही. २०१६ च्या जुलैमध्ये अमेरिकेतल्या बॅस्टिल या कंपनीनं १२ कंपन्यांचे बिनवायरचे कीबोर्ड तपासले. त्यातल्या ८ कंपन्यांचे कीबोर्ड पोस्टकार्डवाले निघाले. अडीचशे फुटांवरून टाइप केलेलं वाचता येत होतं. अडीचशे फूट म्हणजे आपल्या ऑफिसापासून रस्त्यापलीकडची दुकानंसुद्धा आली.

माऊसचं तर मला आधी पटेचना. माऊसनं काय कुणाला कळणार? पण त्याच वर्षी फेब्रुवारीत याच कंपनीनं दाखवलं होतं, की काही नावाजलेल्या कंपन्यांचे डोंगलसुद्धा फसतात. लांबून कुणी ‘मी तुझा माऊस आहे’ असं भासवून बटणं दाबल्याचे खोटे निरोप पाठवले, तर डोंगल ते खरे मानतो. म्हणजे खुर्चीवर कुणी नसताना आपल्या कॉम्प्युटरवर परका माणूस टाइप करू शकतो. काही कंपन्यांनी नंतर दुरुस्ती दिली, पण ती आपण स्वतः डोंगलमध्ये भरावी लागते. आपल्यातलं कोण भरतंय!

आता खरं सांगायचं तर असा चोर जवळपास यावा लागतो, त्याच्याकडे सामान आणि माहिती लागते. आपल्याकडे पैसे जातात ते बहुतेक फोनवर ओटीपी सांगितल्यानं. तो धोका मोठाच आहे, आणि पैसे गेले तर लगेच १९३० ला फोन करायचा हे विसरू नका. पण घरातला एक कॉम्प्युटर वेगळा आणि प्रभागसंघाचा वेगळा. आपल्या कॉम्प्युटरवर बँकेचा पासवर्ड टाइप होतो, कितीतरी बायांचे खाते क्रमांक आणि आधार क्रमांक भरले जातात. ती जोखीम माझ्या एकटीच्या हौसेपायी घ्यायची नाही.

फोनचंही बघा. डिसेंबर २०२३ मध्ये ब्लूटूथमधली अशीच एक चूक उघडकीला आली. फोनचं ब्लूटूथ चालू असेल, तर जवळचा माणूस खोटा कीबोर्ड आपल्याला न विचारता जोडू शकत होता. गूगलनं अँड्रॉइड ११ ते १४ साठी दुरुस्ती दिली, त्याहून जुन्या फोनना ती मिळाली नाही. म्हणून सीआरपी ताई आणि बँक सखींनो, अपडेट आलं की ‘नंतर’ दाबू नका आणि काम झालं की ब्लूटूथ बंद करा. जुना फोन असेल तर हे जास्तच पाळा.

ऑफिसात पुन्हा वायरचा कीबोर्ड आणि वायरचाच माऊस लावलाय. बिनवायरचा जोड प्रशिक्षणाचे व्हिडिओ दाखवायच्या जुन्या लॅपटॉपला दिला. त्याचा डोंगलही आठवणीनं काढला बरं का, कारण ऐकणारा कान तोच. तो खाचेत राहिला असता तर कीबोर्ड बदलून काही उपयोग नव्हता. वायर यावेळी प्लास्टिकच्या नळीतून घेतलीय. उंदराचं मात्र अजून काही जमलेलं नाही, कुणाकडे चांगला पिंजरा असेल तर पुढच्या बैठकीला आणा.