पाठ टाचणाला मदत कुठे मिळेल?

बाजारात छापील टाचणवह्या मिळतात. त्या उतरवून काढण्यात शिक्षकाचा वेळ जातो आणि वर्गाच्या हाती काही लागत नाही. खरी मदत हवी असेल तर १९८६च्या शैक्षणिक धोरणातून उभ्या राहिलेल्या जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेकडे, म्हणजे डाएटकडे मागावी. राज्याचा अभ्यासक्रम आराखडा पुण्याची राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद, म्हणजे एससीईआरटी, करते, पाठ्यपुस्तके बालभारती काढते; तास मात्र शिक्षकालाच बांधावा लागतो. म्हणून डाएटमधला चांगला मार्गदर्शक आधी अध्ययन निष्पत्ती, म्हणजे तासाअखेर मुलांना काय येईल ते, विचारतो. ‘अपूर्णांक शिकवणे’ एवढे लिहून भागत नाही. ‘एक भाकरी चौघांत सारखी वाटून मुले एका वाट्याला पाव म्हणतील’ असे लिहिले, की कृती, साहित्य आणि शेवटी विचारायचा प्रश्नही सुचतो. आपल्या शाळांच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेला जाताना आपले कच्चे टाचण जरूर सोबत न्या.