सूचीवाचून भांडार आंधळे

डिसेंबर २०२१ च्या दुसऱ्या आठवड्यात जगभरच्या लहानमोठ्या कचेऱ्यांतील संगणकतज्ज्ञांची झोप एका प्रश्नाने उडविली. 'लॉगफोरजे' नावाची एक विनामूल्य, सर्वांस खुली अशी आज्ञावली आहे. संगणकावर काय काय घडले त्याची रोजनिशी ठेवणे, एवढेच तिचे काम. तिच्यात असा दोष निघाला की, विशिष्ट मजकूर त्या रोजनिशीत नोंदला जाताच परक्या माणसाला दुरून आपली आज्ञा त्या यंत्रावर चालविता यावी. दोष काय आहे हे एका दिवसात सर्वांस कळले, दुरुस्तीही टप्प्याटप्प्याने त्याच महिन्यात हाती आली. कळेना ते एवढेच की, ही वस्तू आपल्या घरात नेमकी कोठे कोठे आहे? ती दुसऱ्या एका आज्ञावलीच्या पोटात आणि ती दुसरी तिसरीच्या पोटात दडलेली. उपाय माहीत असूनही जागा सापडेना, अशी ती स्थिती होती.

ओपन सोर्स म्हणजे ज्या आज्ञावलीचा मूळ मजकूर, अर्थात सोर्स कोड, कोणीही वाचावा, तपासावा, बदलावा आणि पुढे द्यावा, अशी मुभा देणारी व्यवस्था. या चळवळीने गेल्या चार दशकांत जगाला मोठे देणे दिले आहे, याविषयी दुमत नाही. परंतु वाचण्याचा हक्क मिळणे निराळे आणि वाचावयाचे ते सापडणे निराळे. दप्तरखान्याचे दार सताड उघडे आहे, पण रुमालांवर चिठ्ठ्या नाहीत, अशा ठिकाणी अर्जदाराच्या हाती धुळीवाचून काय लागणार? कागद दप्तरात आहे, पण मिळत नाही, हा अनुभव जमिनीच्या जुन्या दाव्यांत गोमंतकातील कितीतरी घराण्यांनी घेतला आहे. एकट्या लिनक्सच्या गाभ्यातील ओळी आज तीन कोटींच्या वर आहेत. डेबियन या १९९३ साली सुरू झालेल्या लोकसहभागाच्या प्रकल्पात तीस हजारांहून अधिक आज्ञावलींचा मूळ मजकूर साठविलेला आहे. हे भांडार डोळ्यांनी चाळणे मनुष्याच्या आयुष्यात बसणारे नव्हे.

या शोधाचा इतिहास मनोरंजक आहे. १९७३ मध्ये केन थॉम्प्सन यांनी युनिक्स प्रणालीसाठी 'ग्रेप' हे शोधसाधन दिले. ते आजही रोजच्या वापरात आहे. मात्र ते प्रत्येक वेळी सारा मजकूर पहिल्या ओळीपासून वाचत जाते. घरच्या कपाटापुरते ते उत्तम, पण गावच्या ग्रंथालयाला ते पुरे पडत नाही. ऑक्टोबर २००६ मध्ये गूगलने जगभरचा खुला कोड एका ठिकाणी शोधण्याची सोय काढली. तिच्या घडणीत रस कॉक्स या तरुण अभ्यासकाचा मोठा वाटा होता. तिची युक्ती ऐकावयास साधी आहे. सर्व मजकुराचे तीन-तीन अक्षरांचे तुकडे पाडावयाचे आणि कोणता तुकडा कोणत्या फाइलीत आहे, याची सूची आधीच करून ठेवावयाची. 'सावंतवाडी' हा शब्द हवा असेल तर 'सावंत', 'वंतवा' आणि 'तवाडी' हे तिन्ही तुकडे ज्या फाइलींत आहेत तेवढ्याच उघडावयाच्या आणि त्यांत पूर्ण शब्द आहे की नाही, हे मग ताडून पाहावयाचे. लाखो फाइलींतून मूठभरच तपासावयाच्या उरतात. पंचांग हाती असले म्हणजे मुहूर्तासाठी आकाश न्याहाळत बसावे लागत नाही, तसेच हे.

पण जानेवारी २०१२ मध्ये गूगलने ही सोय बंद केली. ज्या कंपनीने ती फुकट दिली होती, तिने ती काढून घेतली. कायद्याने तक्रारीस जागा नव्हती. खुला कोड जेथल्या तेथे खुलाच होता, नाहीशी झाली ती केवळ सूची. परंतु सूची गेल्यावर भांडार किती आंधळे होते, याची जाणीव अनेकांना त्या दिवशी झाली असेल. सुदैवाने कॉक्स यांनी त्याच महिन्यात आपल्या पद्धतीचे साद्यंत विवेचन लिहून तिचा नमुना सर्वांस खुला केला. त्याच्या आधारावर मिखाएल स्टापेलबर्ग या जर्मन विद्यार्थ्याने पदवीच्या प्रबंधासाठी डेबियनच्या साऱ्या भांडाराची शोधसूची रचली आणि ती त्याच वर्षी लोकांच्या सेवेस रुजू झाली. एका बलाढ्य कंपनीने सोडलेले काम एका विद्यार्थ्याच्या प्रबंधाने उचलले, याचे कारण ज्ञान लपविलेले नव्हते. खुलेपणाची थोरवी सांगण्यास याहून निराळा दाखला नको.

कोडचा शोध जितका महत्त्वाचा, तितकाच त्याच्या माहितीपुस्तिकांचा. पुस्तिका सांगते ते काय घडावे, आणि कोड सांगतो ते काय घडते. या दोहोंत अंतर पडले की अनर्थ ओढवतो. २०१० मध्ये फेडोरा या लिनक्सच्या आवृत्तीत फ्लॅशमधील आवाज एकाएकी बिघडला. स्मृतीतील मजकूर एका जागेवरून दुसऱ्या जागी नेणाऱ्या एका मूलभूत आज्ञेची अंतर्गत रीत बदलली होती. या दोन जागा एकमेकींवर चढलेल्या असतील तर ही आज्ञा वापरू नये, असे पुस्तिकेत स्पष्ट लिहिलेले होते. ते अनेकांनी वाचलेच नव्हते आणि जुन्या रीतीत चूक खपून जात होती. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी स्वतः शोध घेऊन हे मूळ दाखविले. नियम लिहिणाऱ्याचा दोष नव्हता, असे म्हणता येईल, पण लोकांची यंत्रे बिघडली हेही खरेच. शेवटी पुढल्या वर्षी जुन्या आज्ञावलींपुरती जुनी रीत राखावी लागली. खुल्या आज्ञावलींत अशी चूक कोठे कोठे आहे, हे शोधून दुरुस्त करता येते. फ्लॅशचा कोड बंद पेटीत होता. तेथे बाहेरच्याने शोधावयाचे तरी काय?

तथापि शोधसूची म्हणजे सर्वज्ञता, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. मार्च २०२४ मध्ये 'एक्सझेड' या संक्षेपणाच्या आज्ञावलीत कोणीतरी मागील दार बसविल्याचे उघडकीस आले. घातक मजकूर चाचणीसाठीच्या फाइलींत निरर्थक आकड्यांच्या रूपाने दडविलेला होता आणि त्याला जागे करणारा धागा सर्वांसमोरच्या भांडारात नव्हता, तर वाटण्यासाठी बांधलेल्या गाठोड्यात तेवढा होता. कोणत्याही शब्दाच्या शोधाने तो सहजी हाती लागला नसता. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरच्या यंत्रात प्रवेश करताना सुमारे अर्ध्या सेकंदाचा विलंब जाणवला. तो त्याने खटकू दिला, त्याचा पाठपुरावा केला, म्हणून अरिष्ट टळले. सूची दाराशी नेऊन सोडते, आत शिरून पाहणारा डोळस माणूसच लागतो.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ही सूची कोणाच्या हाती असावी? आज जगातील खुल्या कोडचा फार मोठा भाग गिटहब या एका ठिकाणी एकवटला आहे आणि २०१८ पासून ते मायक्रोसॉफ्टच्या मालकीचे आहे. तेथील शोध प्रभावी आहे यात शंका नाही, परंतु साऱ्या सार्वजनिक कोडमध्ये शोध घ्यावयाचा तर आधी त्यांच्या दप्तरी आपले नाव नोंदवावे लागते. सोर्सग्राफ या कोडशोधाच्या कंपनीने २०२४ मध्ये आपलाच खुला कोड पडद्याआड नेला. व्यापाऱ्याने व्यापार करावा, त्याला बोल लावण्याचे कारण नाही. पण गावच्या विहिरीचा दोर एकाच दुकानात टांगलेला असावा, ही रचना शहाणपणाची नव्हे. विहीर सर्वांची असेल तर दोरही सर्वांचा हवा.

मराठी समाजाला सूचीचे मोल नव्याने पटविण्याची गरज पडू नये. शं. ग. दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची सूची सिद्ध केली. पुढील पिढ्यांच्या संशोधनाचा पाया त्या परिश्रमांवर उभा आहे. केंद्र सरकारने २०१५ मध्ये सरकारी आज्ञावलींचा कोड खुला करण्याचे धोरण जाहीर केले आणि मे २०२० मध्ये 'आरोग्य सेतू'चा अँड्रॉइडवरील कोड लोकांपुढे ठेवला. ही पावले स्वागतार्हच होत. परंतु करदात्याच्या पैशातून घडलेला कोड नुसता कोठेतरी ठेवून भागणार नाही. तो शोधता यावा, त्याची पुस्तिका वाचता यावी आणि ती मराठीसारख्या लोकभाषांतही असावी, येथवर हे धोरण गेले पाहिजे. आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनीही वर्षअखेर कपाटात कुजणाऱ्या प्रकल्पांऐवजी विद्यार्थ्यांना अशा सूची रचण्याच्या आणि पुस्तिका मराठीत आणण्याच्या कामास लावावे. एका विद्यार्थ्याच्या प्रबंधातून काय उभे राहू शकते, हे २०१२ साली दिसले आहे. खुले दार ही स्वातंत्र्याची पहिली पायरी आहे. आतील वस्तू गरजेच्या वेळी ज्याला सापडते, त्याच्याच उपयोगी ते स्वातंत्र्य पडते.