दाढेत कळ, हातात कळ

पडघ्यावरून मुंबई-नाशिक महामार्गाचे ट्रक रात्रंदिवस हॉर्न ठोकत जातात. इथल्या पोरांच्या ते गावीही नसतं. पण दातांच्या डॉक्टरकडच्या ड्रिलची बारीकशी ‘सुंईऽऽ’ ऐकली की तेच पोर आईचा पदर सोडत नाही. साहजिक आहे. हवेच्या दाबावरचं ते ड्रिल मिनिटाला तीन लाखांहून जास्त फेरे घेतं.

यावर गाण्याचा उतारा जुनाच. अमेरिकेत पार्कर नावाचा एक दंतवैद्य भर रस्त्यात, बँडबाजाच्या दणक्यात दात उपटायचा. गर्दी जमे आणि रोग्याची बोंब बाजात बुडून जाई. १९१५मध्ये या पठ्ठ्यानं कायदेशीर नावच ‘पेनलेस’ करून घेतलं! अर्थात, त्या बँडचा फायदा रोग्याला किती आणि पार्करला किती, हे सांगायला नको.

खरी गंमत १९६०ची. दंतवैद्य गार्डनर आणि मानसशास्त्रज्ञ लिकलायडर यांनी रोग्याच्या कानाला हेडफोन लावला. एरवी संगीत, दुखायला लागलं की धबधब्यासारखा घोष, आणि आवाजाची कळ रोग्याच्याच हातात. आधी इंजेक्शन किंवा लाफिंग गॅस लागलेल्या हजार जणांपैकी ६५ टक्क्यांचं काम नुसत्या आवाजावर भागलं, असं त्यांनी ‘सायन्स’मध्ये लिहिलं. १९६३मध्ये वेदनेचे अभ्यासक मेलझॅक आणि सहकाऱ्यांनी हे प्रयोगशाळेत ताडून पाहिलं. ‘यानं दुखणं कमी होतं’ असं आधी सांगितलं, तरच आवाज लागू पडला. नुसता आवाज फुकट, नुसती समजूतही फुकट! आणि हाच लिकलायडर पुढे इंटरनेटच्या आद्य कल्पकांपैकी एक ठरला. दवाखान्यात यूट्यूब लावताना त्याची आठवण काढायला हरकत नाही.

आपल्याकडे दावणगेरेच्या बालदंततज्ज्ञांनी चार ते आठ वर्षांच्या ४० मुलांवर संगीत आजमावलं. २००५च्या त्यांच्या निबंधानुसार भीती बरीच उतरली, पुढच्या खेपेला मुलं पुन्हा गाणं मागू लागली. २००७मध्ये त्यांनीच दाखवलं, की नुसत्या गाण्यापेक्षा चित्रासकट गाणं सरस. डोळे पडद्यावर, मग सुईकडे बघतो कोण? अर्थात, दात काढायचा तर भूल हवीच.

आवाज इतकाच ठेवा, की डॉक्टरांचं ‘आ कर’ ऐकू येईल. गाणं मात्र पोरालाच निवडू द्या. ‘देवबाप्पा’ चित्रपटातलं (१९५३) पु. लं.च्या चालीचं, आशाबाईंचं मोराचं गाणं तुम्हाला कितीही गोड वाटो. त्याला हळदीतलं आगरी गाणं हवं असेल, तर तेच. फक्त आधी बजावून ठेवा: ठेका पायानं धरायचा, मानेनं नाही.